गोळ्या सोडू नका, बदलून मागा

एका ताईंनी लिहिलंय की हार्ट फेल्युअरच्या (हृदय कमजोर पडल्याच्या) गोळ्या सुरू झाल्यापासून शरीरसंबंधात अडचण येते म्हणून यजमानांनी गोळ्याच सोडल्या. ताई, आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या. मेटोप्रोलॉलसारखी, हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी एकदम तोडली की हृदयावर उलट ताण येतो.

निपाणीत माझं औषधांचं दुकान आहे. बाकीची गिऱ्हाइकं पांगेपर्यंत थांबून, रिकामं पाकीट काउंटरवर सरकवत खालच्या आवाजात "हिच्यामुळं होतंय काय?" असं विचारणारे पुष्कळ येतात. कधी कधी होतं खरं. स्पायरोनोलॅक्टोन या हार्ट फेल्युअरच्याच गोळीनं काही पुरुषांची छाती सुजते, दुखते, ताठरता कमी होते. तिच्याऐवजी डॉक्टर एप्लेरेनोन देऊ शकतात, त्यात हा त्रास बराच कमी. पण सगळा दोष गोळ्यांचा नसतो. कमजोर हृदय, मधुमेह, मनातली धास्ती यांचाही वाटा मोठा. बायकांनाही कोरडेपणा येतो, इच्छा मरते. त्या तर विचारतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

एक मात्र जिवावरचं आहे. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट (ही नायट्रेट जातीची गोळी) ठेवणाऱ्यानं किंवा नायट्रेटची गोळी रोज घेणाऱ्यानं मित्राच्या सांगण्यावरून सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेसाठीची व्हायग्रासारखी गोळी, घेऊ नये. बीपी धाडकन खाली येतं. घेतली असेल आणि छातीत दुखलं, तर दवाखान्यात पहिल्यांदा तेच सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास, तशाच टाडालाफिल गोळीनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत.

दम न लागता दोन जिने चढता येत असतील तर बहुतेकांना संबंध झेपतात. आणि बेळगावच्या डॉक्टरांसमोर कन्नडमध्ये हे कसं बोलायचं म्हणून अडू नका. मराठीत सांगा, नाहीतर चिठ्ठीवर लिहून पुढं करा.