सैतोच्या १९८८ च्या सुवर्णाबद्दल

जपानी ज्युदोपटू हितोशी सैतोच्या १९८८ च्या ऑलिंपिक सुवर्णाबद्दल 'त्याचा देशबंधू यामाशिता निवृत्त झाला म्हणून सैतोचं फावलं' असं एक मत आहे. ते मला अर्धंच पटतं. १९८३ ते ८५ अशी सलग तीन वर्षं ऑल जपान ज्युदो स्पर्धेच्या अंतिम लढतीत सैतो यामाशिताकडून हरला, हे खरंच. पण तिन्ही वेळा निकाल पंचांच्या कौलावर लागला. ८५ मध्ये तर सैतोने यामाशिताचा डाव उलटवून त्याला खाली पाडलं होतं. गुण मात्र मिळाला नाही. (माझ्या मते द्यायला हवा होता.)

शिवाय १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खुला (वजनाची मर्यादा नसलेला) गट होता, त्यामुळे दोघांनाही सुवर्ण मिळालं: यामाशिताला खुल्या गटात, सैतोला ९५ किलोवरील गटात. सोलला १९८८ मध्ये खुला गटच नव्हता, म्हणजे यामाशिता असता तर दोघांपैकी एकालाच जागा होती, हे मान्य. पण पुढचंही बघा. शेवटच्या दिवशी सैतो मॅटवर उतरला तोवर जपानी ज्युदोपटूंना एकही सुवर्ण मिळालेलं नव्हतं. गुडघ्याच्या दुखापतीतून सावरलेल्या या गड्याने उपांत्य फेरीत यजमान कोरियाच्या चो योंग-चुलला हरवलं आणि मग सुवर्ण घेतलं. ज्युदोत जपानला तिथे मिळालेलं ते एकमेव. याला फावलं कसं म्हणायचं?