मदत हवी आहे: खाजनातला जिवाणू विद्यापीठातून कंपनीत कसा न्यावा?

गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातल्या खाजन मातीतून (खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतजमीन) स्फुरद विरघळवणारा जिवाणू वेगळा केला आहे. खाऱ्या पाण्यात तगतो, कुंडीतल्या कोरगुट या खारं पाणी सोसणाऱ्या भाताला मानवतो. काम पीएचडीचं, प्रयोगशाळा विद्यापीठाची. स्पिन-ऑफ, म्हणजे विद्यापीठातल्या संशोधनावर उभी कंपनी, काढून द्रवरूप जैवखत करायचा विचार आहे. पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर आहे. आधी कंपनी की पेटंट? आणि स्ट्रेन (जिवाणूचा हा वाण) कुणाचा?

उत्तर १
आधी पेटंट, तेही पोस्टर लागण्यापूर्वी. आधी जाहीर केलं की काय होतं पाहा: कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांचा डीएनए जोडण्याचा लेख नोव्हेंबर १९७३ मध्ये छापला गेला, पेटंटचा अर्ज गेला नोव्हेंबर १९७४ मध्ये. अमेरिकेत वर्षभराची सवलत होती म्हणून तिथे निभावलं. बाहेरच्या देशांतला हक्क कायमचा गेला.

प्रोव्हिजनल (पेटंटचा प्राथमिक अर्ज) भरलं की पूर्ण स्पेसिफिकेशनला, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनाला, १२ महिने मिळतात. पण त्यात जे लिहिलेलं नाही, त्याला प्रोव्हिजनलची तारीख मिळत नाही. म्हणून माध्यम, मिठाचं प्रमाण, पेशींची संख्या सगळं आताच लिहा.

निसर्गात सापडलेल्या नुसत्या जिवाणूला पेटंट मिळत नाही, तो पेटंट कायद्याच्या कलम ३(सी)मध्ये अडकतो. दोन स्ट्रेन एकत्र केलेत तर ३(ई), म्हणजे नुसत्या मिश्रणाला पेटंट नाकारणारं कलम, आडवं येतं. एकत्रित परिणाम वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त असल्याचे आकडे हवेत. स्ट्रेन चंदीगडच्या एमटीसीसीत (सूक्ष्मजीव जतन करणारी संस्था) अर्जाच्या तारखेपर्यंत जमा करा. माती कुठली, तेही अर्जात लिहावं लागतं. पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी आणि विक्रीच्या वेळी त्यांची मंजुरी लागते.

उत्तर २
मालकीचं उत्तर विद्यापीठाच्या आयपी (बौद्धिक संपदा) धोरणात आहे, ते शब्दन् शब्द वाचा. साधनं विद्यापीठाची असली की हक्क बहुधा त्यांचाच. मग कंपनीला लेखी परवाना हवा. तो नसेल तर कंपनीकडे नाव आणि बँक खातं, एवढंच. परवान्यात पुढच्या सुधारणा कुणाच्या हे आत्ताच ठरवा. भांडणं तिथेच होतात. सुरुवातीची रक्कम कमी, रॉयल्टी विक्रीवर, असं मागा. गाइड भागीदार असतील तर त्यांनाही विद्यापीठाची लेखी परवानगी लागेल.

फ्लास्कमधले आकडे ५० लिटरच्या फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायची टाकी) टिकतील असं धरू नका. ऑक्सिजन कमी पडतो. हवा वाढवली की फेस फिल्टरपर्यंत चढतो. खाऱ्या माध्यमाने ३०४ स्टीलला टोचल्यासारखे खड्डे पडतात, ३१६एल प्रतीचं घ्या. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप पीएसबीत (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं खत) दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात. त्या किती दिवस टिकतात ते पाहायला बंद बाटल्या साध्या खोलीत, फ्रीजबाहेर ठेवून दर पंधरा दिवसांनी जिवंत पेशी प्लेटवर मोजा. सुरुवात एप्रिलमध्ये, उन्हाळ्यातच करा.