योको कान्नो: गेम आणि ॲनिमेच्या संगीताची पद्धत एकच असते का?

सूरपेटी: जपानी संगीतकार कान्नोंनी १९८०च्या दशकात कोएई या कंपनीच्या गेमना संगीत दिलं, पुढे 'मॅक्रॉस प्लस' (१९९४), 'काउबॉय बीबॉप' (१९९८) या ॲनिमेंना. कामात नेमकं काय बदलतं? आणि गेमसाठी तुकडा लूप केला, म्हणजे सलग पुन्हा पुन्हा वाजवला, की जोडावर 'टक्' वाजतं, त्याचं काय करावं?

खर्जातला: टीव्ही ॲनिमेचं बरंचसं संगीत चित्र पूर्ण होण्याआधीच रेकॉर्ड होतं. ध्वनिदिग्दर्शक यादी देतो: पाठलाग, संशय, घरातली सकाळ. मग भागागणिक तोच निवडून, कापून लावतो. म्हणून मध्येच तोडता येईल अशा जागा आणि ठाम शेवट लागतो. गेममध्ये शेवटच नसतो, खेळणारा किती वेळ रेंगाळेल कोण जाणे!

द्रुतलय: 'टक्' वाजतं कारण जोडावर लहरीची दोन टोकं जुळत नाहीत. पण खरा घोळ बहुतेकदा रिव्हर्बच्या शेपटीचा, म्हणजे सूर थांबल्यावरही उरणाऱ्या घुमाऱ्याचा. तुकडा सलग दोनदा वाजवून एक्सपोर्ट करा आणि दुसरी फेरीच ठेवा. पहिलीची शेपटी तिच्या सुरुवातीला आपोआप येते. कापताना कानावर जाऊ नका, हिशोब करा: मिनिटाला १२० मात्रांचा टेम्पो, चार मात्रांचे १६ बार म्हणजे ३२ सेकंद, ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला आवाजाच्या तितक्या नोंदी, म्हणजे सॅम्पल) १४,११,२०० सॅम्पल. एमपी३ टाळा, ती फाइल बनवणारा एन्कोडर सुरुवातीला शांतता घुसवतो. ऑग किंवा वेव्ह फाइल वापरा.

सूरपेटी: सुरुवातीला वेगळा इंट्रो असेल तर?

द्रुतलय: तो लूपबाहेर ठेवा. अशा वेळी इंट्रो, फेरी, फेरी असं एक्सपोर्ट करून सगळं ठेवायचं, आणि लूप दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीपासून तिच्या शेवटापर्यंत द्यायचा.