२००८ ची मंदी आठवणाऱ्यांना प्रश्न: तेव्हा बातम्या आणि सणवार दोन्ही कसं चालायचं?

हिशेबनीसाची_लेक

नमस्कार मंडळी. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांसाठी २००८ च्या आर्थिक संकटाची टिपणं काढते आहे. तारखा लिहिता लिहिता त्या वर्षीचं कॅलेंडर उघडलं. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेचा दिवाळखोरीचा अर्ज १५ सप्टेंबरचा, आणि अनंत चतुर्दशी १४ ची!

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. त्या दिवाळीतला मातीचा किल्ला आठवतो, त्यावर पेरलेलं हळीव आठवतं, आणि टीव्हीवरच्या लाल आकड्यांसमोर बसलेले बाबा. आई फराळाची ताटली ठेवून जायची, ती तशीच राहायची. आता विचारलं की "झालं ते झालं" म्हणतात.

ज्यांनी ते महिने जाणत्या वयात पाहिले त्यांना विचारायचंय. रोज अशा बातम्या वाचत असताना नाटकाला जाणं, दिवाळी अंक घेणं, मॅच बघणं चालू होतं का? आकडे पुस्तकांत मिळतील. तुमचे दिवस कसे जायचे ते सांगा ना.

पार्लेकरीण

अगं, मी तेव्हा फोर्टमध्ये एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेच्या रोकडीची सोय बघणाऱ्या विभागात होते. मला ते सगळं तिथीवारानेच आठवतं.

विसर्जनानंतरचा सोमवार. अर्धं ऑफिस जागरणाने पेंगुळलेलं, कुणाचा आरत्या म्हणून घसा बसलेला. अकराच्या सुमारास लेहमनचं पक्कं कळलं. सेन्सेक्स साडेचारशेहून जास्त अंकांनी पडला. पण आमच्या टेबलावर त्या दिवशी मोठी काळजी वेगळीच होती. १५ सप्टेंबर ही कंपन्यांनी आगाऊ कर भरायची तारीख. बँकांतला पैसा सरकारी खात्यात जातो आणि रोकड आटते. त्यात परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून डॉलर घेऊन निघालेले. रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती, आणि विकलेल्या प्रत्येक डॉलरमागे बाजारातले रुपये तिच्याकडे परत जात होते. संकट अमेरिकेतलं, पण आमच्यापर्यंत ते असं पोचलं. वर्तमानपत्रांत हे फारसं कुणी समजावून सांगत नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

३० सप्टेंबरला घटस्थापना. लेडीज डब्यात नवरात्राच्या रंगांचं वेड तेव्हा जोरात होतं. ठरलेल्या रंगाची साडी नेसून ऑफिसात पोचले, तर आदल्या रात्री अमेरिकी प्रतिनिधिगृहाने बँका सावरायची ७०० अब्ज डॉलरची योजना फेटाळलेली आणि डाऊ जोन्स हा तिथला शेअर निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळलेला. इकडे एका मोठ्या खाजगी बँकेबद्दल अफवा पसरून एटीएमपुढे रांगा. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी पत्रक काढून सांगितलं, बँकेकडे पुरेशी रोकड आहे. आम्ही सगळ्याजणी एका रंगात, आणि दिवसभर फोन कानाला. दुपारी एकीने भोंडल्याची खिरापत म्हणून डब्यातल्या वड्या वाटल्या, तेव्हा कुठे कुणीतरी हसलं.

दसऱ्याला, ९ ऑक्टोबरला, बाजार बंद. श्रीखंड-पुरी झाली, संध्याकाळी सोनं वाटून आलो. १० तारखेला कॉल मनीचा दर वीस टक्क्यांच्या आसपास. बँका एकमेकींना रात्रीपुरता पैसा देतात त्याचा हा दर, म्हणजे कुणी कुणाला पैसे सोडायला तयार नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सीआरआर, म्हणजे ठेवींतला जो हिस्सा बँकांना तिच्याकडे ठेवावा लागतो तो, ९ वरून ६.५ टक्क्यांवर आणला, तेव्हा आमच्या विभागात लोकांनी अक्षरशः हात जोडले.

नाटकाचं विचारतेस. रविवारी दीनानाथला जायचं हा आमचा नेम, तो त्याही महिन्यात पाळला. यजमान म्हणाले, "बाजार सोमवारी उघडेल, पडदा आत्ता उघडणार आहे." पहिल्या अंकात काही माझं लक्ष लागलं नाही. मध्यंतरात वड्याच्या रांगेत पुढची दोन माणसं फंडांबद्दलच बोलत होती. दुसऱ्या अंकात मात्र मी पूर्ण नाटकात होते. अशा काळात गाणं-नाटक म्हणजे बेफिकिरी, असं मानणारे तेव्हाही भेटले. मला ते मुळीच पटत नाही. सोमवारी दुसऱ्यांच्या पैशांचे सौदे करायचे तर डोकं ताळ्यावर लागतं, आणि माझं ते रविवारमुळे राहायचं.

मिडविकेट

१७ ऑक्टोबर राहिली! मोहालीत सचिनने लाराच्या ११,९५३ धावा मागे टाकल्या तो शुक्रवार. चहापानानंतर सिडलला थर्डमॅनकडे खेळून तीन धावा. फटाके इतके लांबले की खेळ थांबला. त्याच दुपारी सेन्सेक्स दहा हजारांच्या खाली बंद झाला, २००६ नंतर पहिल्यांदा. आमच्या ब्रोकरच्या ऑफिसात दोन टीव्ही होते. सांगायला नकोच, सगळ्यांनी खुर्च्या कुठे वळवल्या. त्या दिवशी पाहिलेला एकमेव चढता आकडा होता तो.

एडिसनवासी

आमच्याकडे अमेरिकेत भीती शेअरची कमी, व्हिसाची जास्त. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की तेव्हा देशात राहायला आजच्यासारखी साठ दिवसांची सवलत नव्हती. घर, गाडी, मुलांची शाळा, सगळं एका दिवसात अधांतरी. मॅनहॅटनला जाणाऱ्या गाडीत पेपर वाचणारी माणसं एकदम गप्प झाली होती.

तरी मंडळाच्या एकांकिकेच्या तालमी बंद पडल्या नाहीत, कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये चालायच्या. तालीम संपली की दिग्दर्शकच विचारायचा, "कुणाला रेझ्युमे पाठवायचाय का?" मग चहा घेत घेत पुढचा तास तेच. माझी पुढची नोकरी तिथूनच मिळाली. २००९ च्या जुलैत फिलाडेल्फियाला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं, तिथे ही मंडळी भेटली तेव्हा आधी "टिकलास ना?" आणि मग मिठी.

अंबडचा_फिटर

वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे. पण आमची बाजू पण लिहितो. मी नाशिकला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी होतो. गाड्यांना कर्ज मिळेना, गाड्या खपेनात, मग पार्ट कोणाला लागणार? आधी ओव्हरटाइम गेला, मग आठवड्यातले दिवस कमी झाले, दिवाळीनंतर गेटवर नावच नव्हतं. आमचा एक रुपया शेअरमध्ये नव्हता.

नाटकाचं तिकीट परवडणारं नव्हतं. पण वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना असते ना, थोडी वर्गणी भरली की पाळीपाळीने अंक घरी न्यायचे, ती मी त्या वर्षी सोडली नाही. बायको म्हणाली, "पेट्रोलचे पैसे वाचतायत, ते तिकडे भरा." सकाळी वाचनालयातच सगळे पेपर वाचायचो. लेहमन काय, सबप्राइम काय, तिथेच समजलं. ज्यांची पत नाही त्यांना घरकर्जं दिली, ती कर्जं एकत्र बांधून पुढे विकली, आणि वरून चांगलं रेटिंग लावलं. माझ्या हातातलं काम का गेलं हे कळल्यावर निदान स्वतःला दोष देणं थांबलं.

हिशेबनीसाची_लेक

दादा, तुमचा प्रतिसाद टिपणात घेऊ का? नाव न घालता. पार्लेकरीण ताई, तुमच्या दिवाळीचं राहिलं की.

अंबडचा_फिटर

घ्या की. कर्ज आटल्यावर गेटवरची यादी कशी बदलते ते मुलांना नीट सांगा.

पार्लेकरीण

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. आमच्या टेबलावरून ते गेट दिसत नव्हतं.

दिवाळीचं सांगते. २७ ऑक्टोबरला दिवसभरात सेन्सेक्स ७,७०० च्याही खाली जाऊन आला. जानेवारीत तो २१ हजारांवर होता, विचार कर. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मुहूर्ताच्या सौद्यांत, म्हणजे शुभ वेळ साधून थोडा वेळ होणाऱ्या खरेदी-विक्रीत, बाजार नऊ हजारांवर बंद झाला आणि दलाल स्ट्रीटवर पेढे वाटले. मी घरी आले, चकल्यांचा शेवटचा घाणा तळला आणि रात्री दिवाळी अंकातल्या कथा वाचत बसले. अर्थविषयक लेख मुद्दाम सोडले.

४ नोव्हेंबरला पं. भीमसेन जोशींना भारतरत्न जाहीर झालं. त्या रात्री आमच्या अख्ख्या बिल्डिंगमधून त्यांचे अभंग ऐकू येत होते. महिनाअखेरीला मुंबईवर जे ओढवलं त्यानंतर आमच्या फोर्टमध्ये सेन्सेक्सची आठवण कुणी काढेना. तुझे बाबा बोलत नाहीत त्याचं हेही कारण असू शकेल. त्यांना तोट्याचं विचारू नकोस, त्या वर्षीच्या किल्ल्याचं विचार.