मदत हवी आहे: एक्स-रे टेक्नॉलॉजिस्टचं जुनं सर्टिफिकेट नोंदणीला चालतं का?

आमच्या इमेजिंग सेंटरसाठी घेतलेल्या उमेदवाराकडे बारावी सायन्स आणि एक वर्षाचं जुनं रेडिओग्राफी सर्टिफिकेट आहे, डिप्लोमा नाही. अलाइड आणि हेल्थकेअर व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर महाराष्ट्रात अशी नोंदणी सध्या कोण करतंय? पॅरामेडिकल कौन्सिलच का? इंटर्नशिपचा दाखला वेगळा मागतात का?

टीएलडी बॅज (अंगावर पडलेला रेडिएशनचा डोस मोजणारा बॅज) त्याच्या स्वतःच्या नावाचा येईपर्यंत त्याला एक्स-रे रूममध्ये उभं करणार नाही. दुसऱ्याचा बॅज लावला की डोस भलत्याच्या नावावर चढतो; शिशाच्या एप्रनच्या आत छातीवर न लावता बाहेर लावला तर रीडिंग फुगतं. कर्मचाऱ्याच्या डोसची मर्यादा वर्षाला ३० मिलिसिव्हर्ट (रेडिएशन डोसचं एकक), पाच वर्षांची सरासरी २०. त्यामुळे चुकीची नोंद पुढे वर्षानुवर्षं नडते.

अलीकडे अर्ज केलेल्यांनी क्रम सांगावा: आधी नोंदणी क्रमांक, की आधी एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) ई-लोरा या ऑनलाइन परवाना पोर्टलवर नाव?