मिश्र झाडी: एकच वाटप की जातीगणिक वेगळा थर?

माळरान: सोलापूरजवळच्या नान्नजकडचा माळ ब्लेंडरमध्ये (3D चित्रं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उभा करताना बरेच जण सगळ्या जातींच्या झाडांची मॉडेलं एका कलेक्शनमध्ये, म्हणजे एका गटात टाकतात आणि 'पिक इन्स्टन्स' (प्रत्येक जागी गटातलं एकेक झाड बसवणारा पर्याय) लावून मोकळे होतात. मला ही पद्धत साफ चुकीची वाटते. ओढा असो की टेकाड, सगळीकडे तोच चिवडा. आपल्याकडे झाड पाणी बघून वाढतं. मुरमाड माळावर बोर आणि हिवर, काळ्या रानाच्या बांधाला बाभूळ आणि कडुनिंब, ओढ्याला करंज आणि शिंदी. त्यामुळे प्रत्येक जातीला उतार आणि ओढ्यापासूनचं अंतर यांचा वेगळा मास्क (ती जात कुठे येईल, कुठे नाही हे ठरवणारा नकाशा) हवाच.

नोडवाला: अजिबात पटलं नाही. वेगळे थर म्हणजे वेगळं पॉयसन डिस्क (किमान अंतर राखून झाडांच्या जागांचे बिंदू पाडायची पद्धत), आणि एका थराला दुसऱ्याचा पत्ता नसतो. बाभळी आपापसांत 5 मीटर अंतर पाळतात, पण कडुनिंबाच्या बुंध्यातून बाहेर येतात. बिंदू एकदाच पाडा. मग प्रत्येक बिंदूचा ओलावा बघून जातींची शक्यता कमीजास्त करा. सीमाही आपोआप विरघळतात.

माळरान: मग 'डिस्टन्स मिन' (दोन बिंदूंमधलं किमान अंतर) किती ठेवणार? चिंचेला 10 मीटर लागतात, बोरीला 2. 10 ठेवले तर बोरींची जाळी होत नाही, 2 ठेवले तर चिंचा एकमेकींत घुसतात. मोठ्या घेराची झाडं आधी लावा. पुढच्या थरात 'जॉमेट्री प्रॉक्सिमिटी' या नोडने आधीच्या झाडांपासूनचं अंतर मोजून जवळचे बिंदू उडवा.

सीनाकाठ: तुम्ही दोघंही अंतरावरच अडलात. पॉयसन डिस्क मुळातच जवळपास सारखं अंतर राखतं, म्हणून माळ लागवड केल्यासारखा दिसतो. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि बी लेंडीतून पडतं, म्हणून बाभळी घोळक्याने येतात. निंबोळ्या पाखरं खातात, म्हणून कडुनिंबाचं रोप बाभळीच्या सावलीत उगवतं. जवळचे बिंदू उडवले की नेमकी हीच रोपं जातात! आधी मोजके मातृबिंदू पाडा, प्रत्येकाभोवती 3 ते 12 पिल्लं, बाहेर जाताना विरळ. अंतराची अट फक्त मोठ्या झाडांना लावा.

नोडवाला: घोळके मान्य, पण तेही एकाच वाटपात नॉइज टेक्स्चरने (अनियमित ठिपक्यांच्या नक्षीने) घनता बदलून येतात.

सीनाकाठ: नॉइजला वय कळत नाही. घोळक्यात मधलं झाड थोराड आणि कडेची पोरं, हा क्रम मातृबिंदूपासूनच्या अंतरावरूनच येतो. आणि पोरांसाठी मॉडेल वेगळं करा. मोठीच बाभूळ 0.3 स्केलने लहान केली तर उंचीच्या मानाने बुंधा जाड राहतो, फांद्यांची ठेवणही थोराडच दिसते.