फीट, आकडी, फेफरं, मिरगी… आणि यातलं काहीच नसेल तर?

प्रश्न : न्यूरॉलॉजी ओपीडीसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितेय. 'सायकोजेनिक नॉनएपिलेप्टिक सीझर्स'पाशी (फीटसारखे दिसणारे, पण अपस्माराचे म्हणजे एपिलेप्सीचे नसलेले, मनाशी जोडलेले झटके) घोडं अडलंय. केसपेपरवर बरेच जण 'स्यूडोसीझर' लिहितात, म्हणून मी मसुद्यात 'खोटी फीट' लिहिलं. एका मुलीच्या आईने कागद वाचला, घडी घालून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "म्हणजे पोरगी नाटक करते, असंच ना?" तिथल्या तिथे खोडलं. 'मनोजन्य अनपस्मारी झटके' माझ्याच तोंडात बसत नाही. काय लिहू?

प्रतिसाद १ : आधी जुने शब्द बघू. अपस्मार म्हणजे अप + स्मृ, स्मृती निघून जाणं. नटराजाच्या पायाखालचा बुटका तो हाच. आकडीत अंग आकड्यासारखं वळतं, लहान मुलांना तापात येते ती. आमच्या नागपूरकडे सरसकट मिरगी. तुमच्या आजाराला जुना शब्द योषापस्मार. योषा म्हणजे बाई! इंग्रजी 'हिस्टेरिया' ग्रीक 'हिस्टेरा'वरून, म्हणजे गर्भाशयावरून आला, त्याचीच ही सख्खी बहीण. पुरुषांनाही हे झटके येतात, तेव्हा हा शब्द नकोच.

प्रतिसाद २ : ओपीडीत बसतो म्हणून लिहितो. घरचे चक्कर, दातखीळ, घेरी सगळ्यालाच 'फीट आली' म्हणतात. त्यामुळे शब्दावर न जाता मी म्हणतो, "करून दाखवा." डोळे उघडे होते की मिटलेले? अपस्मारात बहुधा उघडे. या झटक्यांत बहुधा मिटलेले, उघडायला गेलं तर आणखी घट्ट. मान 'नाही नाही' केल्यासारखी हलते, हातपाय मध्येच थांबून पुन्हा सुरू होतात. अपस्माराचा मोठा झटका सहसा दोनेक मिनिटांत ओसरतो, हे लांबतात. जिभेची कड चावली गेली असेल तर मी अपस्माराकडे झुकतो. पण एका खुणेवर निकाल देऊ नये. साधा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असंही नाही. पक्कं कळतं ते झटका चालू असताना काढलेल्या व्हिडिओ ईईजीवर. तोवर मोबाइलवर शूटिंग आणा म्हणतो. शिवाय काहींना दोन्ही असतं, म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे पत्रकात ठळक लिहा. आणि 'खोटी' नकोच, पेशंट हे मुद्दाम करत नाही.

प्रतिसाद १ : उलट बाजूही आहे. 'मिरगी'चा चुकीचा शिक्काही स्वस्त पडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या अटींत १९९९ पर्यंत अपस्माराचा उल्लेख होता. कायद्यातून गेला, स्थळं बघणाऱ्यांच्या डोक्यातून कुठे गेलाय?

प्रतिसाद ३ : 'मनोजन्य'चा अर्थ लोक 'मनाचे खेळ' असाच घेणार. इंग्रजीतही आता 'फंक्शनल' किंवा 'डिसोसिएटिव्ह' म्हणतात. 'कार्यात्मक' मात्र नको, मंत्रालयातला जीआर वाटतो. 'अपस्मार नसलेले झटके' कसं वाटतं?

प्रश्नकर्ती : त्यात काय नाही ते कळतं, काय आहे ते नाही. तरी शीर्षकाला तेच घेते, आणि खाली सरळ वाक्यं : 'तुम्हाला येणारे झटके खरे आहेत. ते मेंदूतल्या विजेच्या गडबडीने येत नाहीत, म्हणून फीटच्या गोळीने थांबत नाहीत. यावर बोलून करायचे उपचार आहेत.'

प्रतिसाद ३ : चांगलंय. फक्त 'वीज' आणि 'झटका' एका ओळीत नको. आमची आजी विचारेल, शॉक कुठे बसला?